तारेत काय घडते?

संगणकांच्या जाळ्याविषयी बोलताना सामान्यतः त्यावरून जाणाऱ्या मजकुराविषयी बोलले जाते. पत्रे, चित्रे, बँकांचे हिशेब, रेल्वेची आरक्षणे हे सर्व क्षणार्धात इकडून तिकडे जाते, आणि जणू काही ते कशाच्याही आधाराशिवाय जाते, असा समज रूढ होऊन बसला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की, यांपैकी प्रत्येक गोष्टीला अखेर तांब्याच्या एखाद्या तारेतून, काचेच्या तंतूतून किंवा मोकळ्या अवकाशातून जावे लागते. आणि तेथे पत्रही नसते, चित्रही नसते. तेथे असतो विजेचा कमीअधिक दाब, प्रकाशाची उघडझाप किंवा लहरींचा चढउतार. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात स्तरांच्या आराखड्यात या भागाला सर्वांत खालची जागा मिळाली असून त्याला ‘भौतिक स्तर’ असे नाव आहे.

वरचे सहा स्तर हे मुख्यतः माणसामाणसांतील करार होत. पत्ता कसा लिहावा, मजकुराचे तुकडे कसे पाडावेत, चूक झाल्यास पुन्हा कसे मागवावे, हे सर्व ठरवून घेता येते आणि गैरसोयीचे वाटल्यास बदलताही येते. तळच्या स्तराचा व्यवहार मात्र निसर्गाशी असतो. निसर्ग तडजोडीला बसत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा तळचा स्तर होय, आणि तो समजून घेण्यासाठी संगणकाच्याही शंभर वर्षे मागे जाणे सोयीचे ठरेल. कारण लांब तारेत संदेशाचे काय होते, हा प्रश्न माणसासमोर प्रथम उभा राहिला तो अटलांटिक महासागराच्या तळाशी.

१८५० च्या सुमारास जमिनीवरील तारायंत्र युरोप आणि अमेरिकेत चांगलेच स्थिरावले होते. भारतातही त्याचा पाया घातला गेला होता. विल्यम ओशॉनसी या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकाने १८३९ मध्येच कलकत्त्यास बांबूंच्या खांबांवरून एकवीस मैलांची तार ताणून प्रयोग केले होते. पुढे कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची पहिली वाट उभी राहिली, तीही त्याच्याच देखरेखीखाली. खांबांवरून उघड्यावर ताणलेली तार फारशी कुरकुर करीत नसे. एका टोकाला कळ दाबली की दुसऱ्या टोकाला काटा हले. विजेला वाट दिली की ती धावते, यापलीकडे विचार करण्याची गरज भासत नव्हती.

तार पाण्यात घालायची म्हटल्यावर पहिली अडचण आली ती आवरणाची. पाणी वीज पळवून नेते, म्हणून तारेभोवती वीज न जाऊ देणारे काही तरी गुंडाळले पाहिजे. ही अडचण गटापर्चाने सोडविली. मलायाच्या अरण्यातील एका वृक्षाचा हा चीक. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉ. माँटगोमेरी यांनी त्याचे नमुने १८४३ मध्ये लंडनला धाडले होते. उष्णतेने तो मऊ होतो, थंड पाण्यात घट्ट होतो आणि खाऱ्या पाण्याने झिजत नाही. समुद्रतळाशी यापेक्षा अधिक चांगले आवरण त्या काळी मिळणे शक्य नव्हते. मात्र चीक काढण्यासाठी वृक्षच तोडावा लागे. पुढील काही दशकांत समुद्रातील तारांपायी या वृक्षांचा जो संहार झाला, त्याची नोंद तारायंत्राच्या गौरवगाथांत क्वचितच आढळते.

गटापर्चाने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा उभा केला. १८५३-५४ च्या सुमारास असे दिसून आले की, गटापर्चाने मढवून जमिनीत पुरलेल्या किंवा पाण्यात घातलेल्या लांब तारेतून संदेश पाठविला, तर तो दुसऱ्या टोकाला उशिरा पोचतो, आणि पसरट होऊन पोचतो. एकामागून एक झटपट पाठविलेल्या खुणा एकमेकींत मिसळून जातात. मायकेल फॅरडे यांनी यामागचे कारण ओळखले. आत तांबे, मध्ये विद्युत्‌रोधक आवरण आणि बाहेर पाणी, ही रचना म्हणजे मैलोगणती लांबीचे लेडन पात्रच होय. असे पात्र वीज साठवून ठेवते. तारेत सोडलेली वीज पुढे जाण्याआधी वाटेतील प्रत्येक हात तार भरून काढते, आणि कळ सोडल्यावर ती तितक्याच संथपणे रिकामी होते.

याचे गणित मांडले ते ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने. त्यांच्या असे लक्षात आले की, लांब तारेत विजेचे पसरणे आणि धातूच्या सळईत उष्णतेचे पसरणे यांचे समीकरण एकच आहे. लोहाराच्या भात्यापाशी उभे राहणाऱ्यास हे डोळ्यांनी पाहता येते. लांब सळईचे एक टोक विस्तवात घातले, तर दुसरे टोक तत्काळ तापत नाही. बऱ्याच वेळाने ते कोमट होते, मग हळूहळू तापत जाते. आता कोणी ते टोक भराभर विस्तवात घालू-काढू लागला, तर दुसऱ्या टोकाशी हात धरून बसलेल्या माणसाला या घालण्या-काढण्याची काहीच वार्ता कळणार नाही. त्याला फक्त एक सरासरी ऊब जाणवेल. समुद्रातील तारेचे नेमके हेच होते. टॉमसन यांचा १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट लांब केली तर विलंब चौपट, दहापट लांब केली तर शंभरपट. त्यावर उपाय दोनच: तांबे जाड घ्यावे, म्हणजे रोध कमी होईल, आणि आवरण जाड करावे, म्हणजे साठवण कमी होईल.

नेमक्या याच सुमारास आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान सुमारे दोन हजार मैल लांबीची तार घालण्यासाठी कंपनी उभी राहत होती. तिचे भांडवल साडेतीन लाख पौंड होते, आणि सायरस फील्ड या अमेरिकी व्यापाऱ्याचा उत्साह हे तिचे त्याहून मोठे भांडवल होते. विजेच्या कामाची जबाबदारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांच्याकडे आली. ते मूळचे ब्रायटनचे शल्यवैद्य. हाताने प्रयोग करण्यात तरबेज, पण गणिताविषयी मनात अढी असलेले. वर्गाचा नियम त्यांना मान्य नव्हता. आपल्या प्रयोगांत असे काही दिसत नाही, असे त्यांनी १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ठासून सांगितले. भागधारकांना हे ऐकणे सोयीचे होते यात नवल नाही. टॉमसन यांचे म्हणणे खरे मानायचे, तर कितीतरी अधिक तांबे आणि गटापर्चा घ्यावे लागले असते. टॉमसन स्वतः कंपनीचे एक संचालक होते. पण त्यांचे मत विचारात घेतले जाईपर्यंत तारेचा आकार ठरून गेला होता. दर सागरी मैलास १०७ पौंड तांबे आणि २६१ पौंड गटापर्चा, असा तो आकार होता.

एवढ्यावर दुर्दैव थांबले नाही. टॉमसन यांनी तांब्याचे नमुने तपासले, तेव्हा निरनिराळ्या कारखान्यांचे तांबे दिसायला सारखे असले तरी वीज वाहण्याच्या बाबतीत त्यांच्यात कमालीचा फरक असल्याचे आढळून आले. धातूतील सूक्ष्म भेसळीने इतके घडते, हे तोवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते. शिवाय तार दोन कारखान्यांत अर्धी-अर्धी तयार झाली, आणि बाहेरील लोखंडी चिलखताचा पीळ एकीत उजवा, तर दुसरीत डावा पडला. दोन्ही तुकडे समुद्राच्या मध्यावर जोडायचे होते. कारखान्याच्या आवारात पडलेल्या काही वेटोळ्यांवर उन्हाळ्याचे ऊन लागून गटापर्चा मऊ झाले आणि आतील तांबे मध्यावरून सरकले. अशा जागी आवरण एका बाजूस पातळ होते. हे सर्व दोष घेऊनच तार जहाजावर चढली.

१८५७ चा प्रयत्न तार तुटून फसला. १८५८ च्या जूनमधील प्रयत्नही फसले. अखेर जुलैच्या शेवटी ‘ॲगमेम्नॉन’ आणि ‘नायगरा’ या जहाजांनी भर समुद्रात दोन टोके जोडून विरुद्ध दिशांना प्रयाण केले, आणि ५ ऑगस्ट १८५८ रोजी तार दोन्ही किनाऱ्यांस लागली. व्हाइटहाउस प्रकृतीच्या कारणास्तव किनाऱ्यावरच राहिले होते; जहाजावर विजेची देखरेख करण्यासाठी टॉमसन गेले होते. न्यूयॉर्कमध्ये असा उत्सव झाला की, आतषबाजीच्या ठिणग्यांनी नगरभवनाच्या घुमटाला आग लागली.

समुद्राखाली मात्र तार कण्हत होती. व्हिक्टोरिया राणीचा राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांना उद्देशून असलेला अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पार पडायला सोळा तास लागले. म्हणजे एका शब्दाला सुमारे दहा मिनिटे. संदेशापेक्षा ‘पुन्हा पाठवा’, ‘हळू पाठवा’, ‘समजले नाही’ अशा विनवण्याच अधिक जात.

याच ठिकाणी दोन वृत्ती समोरासमोर येतात. व्हाइटहाउस यांचे म्हणणे असे की, दुसऱ्या टोकाला ऐकू येत नसेल, तर मोठ्याने ओरडावे. त्यांनी पाच फूट लांबीची प्रेरण-वेटोळी बनविली होती, आणि त्यांतून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब तारेवर येई. टॉमसन यांचे म्हणणे असे की, बोलणाऱ्याने शांतपणे बोलावे आणि ऐकणाऱ्याने कान तयार करावा. त्यांचा आरसा-गॅल्व्हानोमीटर हा असा कान होता. रेशमाच्या तंतूला टांगलेला एक चिमुकला आरसा आणि त्याच्या पाठीला चिकटविलेला लोहचुंबकाचा बारीकसा तुकडा, एवढेच त्याचे हलणारे अंग. भोवतीच्या वेटोळ्यातून क्षीण प्रवाह गेला तरी आरसा किंचित वळे, आणि त्यावरून परावर्तित झालेला दिव्याचा ठिपका समोरच्या पट्टीवर डावीकडे वा उजवीकडे सरके. प्रकाशाच्या किरणाला वजन नसते, म्हणून हा काटा हवा तेवढा लांब करता येतो.

व्हाइटहाउस यांच्या स्वतःच्या यंत्राने संदेश नीट उमटेनात. टॉमसन यांच्या उपकरणावर वाचलेले संदेश आपल्या यंत्रावर आल्याचे त्यांनी भासविले, असा आक्षेप पुढे घेतला गेला. ऑगस्टच्या मध्यासच कंपनीने त्यांना दूर केले. परंतु आवरण आधीच जेथे पातळ होते, तेथे त्या प्रचंड दाबाने आपले काम केले होते. सप्टेंबरच्या प्रारंभी अर्थ लागेल असे काही येणे थांबले. तार महिनाभरही धड जगली नाही.

तिच्या या अल्प आयुष्यातील एका संदेशाचा भारताशी संबंध आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातील दोन ब्रिटिश पलटणींना मायदेशी परतण्याचे आदेश गेले होते. उठावाचा जोर ओसरल्यावर त्यांची गरज उरली नाही. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी त्यांचे निघणे रद्द करणारा निरोप समुद्राखालून गेला आणि पलटणी जेथल्या तेथे राहिल्या. जहाजाने पाठविलेले पत्र वेळेवर पोचले नसते. या एका निरोपाने ब्रिटिश सरकारचे पन्नास हजार पौंडांवर खर्च वाचले, असा हिशेब मांडण्यात आला. साम्राज्याच्या दृष्टीने तारेची उपयुक्तता सिद्ध व्हायला याहून अधिक काही नको होते. समुद्रातील तारांवर पुढे जो पैसा ओतला गेला, त्यामागे ज्ञानाची तहान होती असे कोणी समजू नये.

व्हाइटहाउस यांच्यावर सगळे खापर फोडून इतिहास मोकळा झाला. हे पूर्णतः न्याय्य नव्हे. तार मुळातच सदोष होती. दोन हजार व्होल्ट नसते, तरी ती फार काळ टिकली असती असे म्हणता येत नाही. दोष होता तो मोजमापाशिवाय पुढे जाण्याच्या घाईचा, आणि त्या घाईत कंपनीचे सारेच चालक सामील होते. सरकार आणि कंपनी यांनी मिळून नेमलेल्या चौकशी समितीने १८६१ मध्ये जो विस्तृत अहवाल सादर केला, त्याचे महत्त्व याच कारणाने मोठे आहे. तांब्याची शुद्धता, आवरणाचा रोध, साठवण, दाब या प्रत्येक गोष्टीला मोजण्याचे माप हवे, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्‌मापनाच्या एककांसाठी समिती नेमली. शाळेतील प्रत्येक मुलाला आज ठाऊक असलेला ओहम हा या समितीच्या कामातून प्रमाणित झाला. समुद्रतळाशी बुडालेल्या साडेतीन लाख पौंडांतून एवढे तरी वर आले.

पुढची तार टॉमसन यांच्या नियमाला धरून घडविली गेली. दर सागरी मैलास तांबे ३०० पौंड, गटापर्चा ४०० पौंड. ती वाहून नेण्याएवढे मोठे जहाज जगात एकच होते, ते म्हणजे ‘ग्रेट ईस्टर्न’. १८६५ मध्ये दोन-तृतीयांश वाट संपल्यावर तार तुटून दोन मैलांहून अधिक खोल पाण्यात गेली. १८६६ मध्ये नवी तार २७ जुलै रोजी न्यूफाउंडलंडमधील हार्ट्‌स कन्टेन्ट या खेड्यास लागली. त्यानंतर त्याच जहाजाने मागे फिरून, लोखंडी आकडे सोडून आदल्या वर्षीची हरवलेली तार समुद्रतळावरून वर काढली, तिला तुकडा जोडला आणि तीही पूर्ण केली. सप्टेंबर १८६६ मध्ये अटलांटिकखालून एकाऐवजी दोन तारा चालू झाल्या. मिनिटाला आठ शब्द जाऊ लागले, आणि वीस शब्दांच्या संदेशाला प्रारंभी वीस पौंड पडत.

त्या महिन्यात लॅटिमर क्लार्क या अभियंत्याने एक प्रयोग केला. न्यूफाउंडलंडच्या टोकाला त्याने दोन्ही तारा एकमेकींस जोडवून घेतल्या, म्हणजे आयर्लंडहून निघालेली वीज महासागर ओलांडून दुसऱ्या तारेने परत यावी. मग त्याने शिवणकामाचे एक चांदीचे अंगुस्तान मागून घेतले, त्यात आम्लाचे काही थेंब घातले आणि जस्ताचा तुकडा सोडला. या इवल्याशा विद्युत्‌घटाची वीज अटलांटिक महासागर दोनदा ओलांडून आली, आणि आरशावरील प्रकाशाचा ठिपका पट्टीवर स्पष्टपणे सरकला. आठ वर्षांपूर्वी जेथे पाच फुटांची वेटोळी हरली होती, तेथे अंगुस्तान पुरले.

या तारांच्या व्यवहारात आणखी एक बारकावा आहे, आणि भौतिक स्तराची कल्पना त्यातून फार चांगली स्पष्ट होते. जमिनीवरील मोर्सच्या लिपीत बिंदू म्हणजे थोडा वेळ आणि रेघ म्हणजे अधिक वेळ दाबलेली कळ. समुद्रातील तारेला ही पद्धत मानवेना, कारण जी तार सर्वच खुणा पसरवून टाकते, तिच्यावर आखूड आणि लांब यांत भेद उरत नाही. म्हणून तेथे दोन्ही खुणा सारख्याच आखूड ठेवल्या गेल्या. बिंदूसाठी प्रवाह एका दिशेने, रेघेसाठी उलट दिशेने. ठिपका एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. लिपी तीच, अक्षरे तीच, संदेशही तोच. केवळ तारेवरचे त्याचे रूप बदलले. वरच्या स्तरांना याची दखलही घ्यावी लागली नाही. लंडनमधील व्यापाऱ्याने कागदावर लिहिलेला शब्द न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला कागदावरच मिळत होता. स्तरांची कल्पना मांडणारे लोक तेव्हा जन्मालाही आले नव्हते, परंतु तारघरातील कारकून ती रोज आचरत होते.

१८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईच्या बंदरात आले आणि येथून एडनपर्यंत तार घातली गेली. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने त्याच वर्षी मुंबईचा इंग्लंडशी समुद्राखालून संबंध जोडला गेला. तत्पूर्वी १८६५ पासून इराणच्या आखातातून आणि तुर्कस्तानातून एक वाट होती. पण तीवर प्रत्येक मोठ्या ठाण्यावर कारकुनाने संदेश उतरवून घ्यायचा आणि पुन्हा हाताने पुढे पाठवायचा. इंग्रजी न येणाऱ्या हातांतून इंग्रजी संदेश जात जात अखेरीस ओळखू येईनासा होई. तरीही या पद्धतीत एक तत्त्व होते. प्रत्येक ठाण्यावर झिजलेली खूण बाजूस टाकून तिच्या जागी ताजी, पूर्ण ताकदीची खूण पाठविली जाई. वाटेतील झीज पुढच्या टप्प्यात साठत नसे. साठत त्या केवळ माणसाच्या चुका. पुढे यंत्राने हेच काम माणसाहून चोखपणे केले. आजही लांब पल्ल्यावर अंकांच्या रूपातील संदेश असाच ठाण्याठाण्यावर नव्याने घडविला जातो.

मधला इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले की, तारेत योग्य प्रमाणात स्वप्रेरण असेल तर खुणा पसरतच नाहीत. त्या क्षीण होतात, पण आकार राखतात. टपाल-तार खात्यातील अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२० च्या दशकात तारेची रुंदी आणि खुणांचा वेग यांचे नाते निश्चित केले. इथे रुंदी याचा अर्थ ती तार जेवढ्या कंपनसंख्यांना वाट देते तो पट्टा. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी त्यात गोंगाटाचा हिशेब मिळविला आणि कोणत्याही वाहिनीतून बिनचूक किती माहिती जाऊ शकेल, याची कमाल मर्यादा सांगितली. टॉमसन आणि व्हाइटहाउस यांच्या वादाला हे अखेरचे उत्तर होते. शॅनन यांच्या सूत्रात आवाज वाढविण्याचा लाभ फार मंद गतीने मिळतो. गोंगाटापेक्षा संदेश आधीच बळकट असेल, तर त्याची शक्ती दुप्पट करूनही प्रत्येक खुणेमागे जेमतेम एका बिटाच्या निम्म्याने भर पडते. पट्टा दुप्पट केला, तर लाभही जवळजवळ दुप्पट.

आता संगणकांच्या तारेकडे वळता येईल. संगणकाच्या पोटात शून्य आणि एक हे अंक असतात असे म्हणतात, पण तारेवर शून्य आणि एक पाठविता येत नाहीत. पाठविता येतो तो दाब. १९६० च्या दशकापासून यंत्रे जोडण्यासाठी रूढ झालेल्या एका अमेरिकी मानकात ‘एक’ म्हणजे उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा व्होल्ट, असे ठरविले होते. मधला पट्टा अर्थहीन. हे उलटे का, असे नवशिक्या विद्यार्थी विचारतो. उलटसुलट काहीच नसते; दोन्ही टोकांनी एकच मानावे, एवढेच पुरे. भौतिक स्तराचे मानक याच प्रकारच्या गोष्टींनी भरलेले असते: दाब किती, पिना किती, कोणती पिन कशासाठी, खूण किती काळ टिकावी, तार किती लांब असावी.

काळाचा प्रश्न त्यांतही अवघड. लागोपाठ शंभर शून्ये आली, तर तारेवर दाब एकाच पातळीवर स्थिर राहील. ऐकणाऱ्याने ती शंभर मोजावीत की एकशे एक? दोन्ही यंत्रांची घड्याळे कितीही चांगली असली तरी ती किंचित मागेपुढे चालतातच. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या ‘इथरनेट’ पद्धतीची मुहूर्तमेढ रोवली, तिच्यात यावर जो उपाय आहे तो मँचेस्टर संकेत या नावाने ओळखला जातो. येथे प्रत्येक अंकाच्या मध्यावर दाब बदलतोच. एका अंकासाठी खालून वर, दुसऱ्यासाठी वरून खाली. म्हणजे संदेश आणि घड्याळाचा ठोका एकाच खुणेतून जातात. त्याची किंमत अशी की, तारेवर दुप्पट बदल करावे लागतात आणि म्हणून अधिक रुंद पट्टा लागतो. तळच्या स्तरात काहीही फुकट मिळत नाही.

आरंभीची इथरनेटची तार बोटाएवढी जाड होती. तिचा एक तुकडा पाचशे मीटरपर्यंत लांब ठेवता येई. १९९० मध्ये मानक झालेल्या पद्धतीत तिची जागा टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांच्या जोडीने घेतली. ही जोडीही जुनीच. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच तिचे एकस्व घेतले होते. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो, आणि दोघींतील फरक तेवढा मोजला की तो उपद्रव वजा होऊन जातो. या तारांना शंभर मीटरांची मर्यादा आहे, आणि ती कोणा समितीची लहर नव्हे. अंतराबरोबर खूण किती झिजते, शेजारच्या जोडीतील गोंगाट किती मिसळतो, याचा तो हिशेब आहे. एखाद्या कचेरीत तार दीडशे मीटर ओढून कसेबसे काम चालते, आणि मग अधूनमधून सर्व मंदावते तेव्हा सॉफ्टवेअरला दोष दिला जातो.

१९९९ मध्ये याच तांब्यावरून सेकंदाला शंभर कोटी बिट पाठविण्याचे मानक तयार झाले. वेग शंभरपट वाढला. दाब वाढविला गेला नाही. चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापरल्या गेल्या; दोन पातळ्यांऐवजी दाबाच्या पाच पातळ्या ठरविल्या गेल्या; आणि प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी खुणा सोडण्यात आल्या. यंत्र स्वतःच बोलत असताना दुसऱ्याचे ऐकते, आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करते, शेजारच्या जोडीची कुजबुज वजा करते, आणि तारेने पसरविलेली खूण पुन्हा गोळा करते. बहुतेक सारे कष्ट ऐकणाऱ्याच्या बाजूला आहेत. आरशाच्या जागी गणित करणारी चकती आली, एवढाच भेद.

काचेची कथा वेगळी, पण तिच्यातही निर्णायक प्रश्न शुद्धतेचाच होता. काचेच्या तंतूतून प्रकाश वळवून नेता येतो, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखविले होते. दूरच्या संदेशवहनाला मात्र ती काच निरुपयोगी ठरे. काही मीटरांतच प्रकाश विझे. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकॅम यांनी असे प्रतिपादन केले की, दोष काचेचा नाही, तिच्यातील भेसळीचा आहे. किलोमीटरअखेर शंभरातील एक भाग जरी प्रकाश उरला, तरी काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत ही मर्यादा ओलांडली गेली. आजच्या तंतूत शंभरातील एक भाग उरण्यासाठी प्रकाशाला शंभर किलोमीटर चालावे लागते. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १८५७ मध्ये तांब्याचे नमुने तपासत बसलेल्या टॉमसन यांना हे काम परके वाटले नसते.

अटलांटिकखाली काचेची पहिली तार १९८८ मध्ये आली. भारताचे परदेशांशी होणारे बहुतेक दळणवळण आज उपग्रहांतून नव्हे, तर मुंबई, चेन्नई, कोची येथे किनाऱ्याला लागणाऱ्या अशा तारांतून होते. मुंबईहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक तारांचा मार्ग तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून आहे, म्हणजे ढोबळमानाने १८७० चाच. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाच्या जवळ यांपैकी दोन तारा निकामी झाल्या. भारताच्या पश्चिमेकडील वाहतुकीचा फार मोठा भाग बंद पडला, आणि परदेशी ग्राहकांवर चालणाऱ्या कचेऱ्यांना पूर्वेकडून, पॅसिफिक महासागराच्या वाटेने, वळसा घ्यावा लागला. वरच्या स्तरांनी आपले काम चोख केले. त्यांनी नवी वाट शोधली. पण उरलेल्या तारांत जेवढी जागा होती, तेवढेच त्यांना देता आले.

दुरुस्तीची रीत अशी असते. तारेच्या टोकाकडून प्रकाशाचा स्पंद सोडून तो किती वेळाने परततो यावरून तुटीचे अंतर काढतात. जहाज त्या ठिकाणी जाते आणि दोरखंडाला बांधलेला लोखंडी आकडा तळावरून ओढत नेते. तारेचे एक टोक वर येते, ते तपासून तरंगत्या पिंपाला बांधून ठेवतात आणि दुसरे टोक शोधायला जातात. मग जहाजावरील बंद खोलीत तज्ज्ञ माणूस केसाएवढे काचेचे तंतू एकेक करून वितळवून जोडतो, प्रत्येक सांध्यातून किती प्रकाश वाया जातो ते मोजतो, आणि माप समाधानकारक आल्यावर तार पुन्हा पाण्यात सोडली जाते. अलेक्झांड्रियाजवळच्या त्या दोन्ही तारा फेब्रुवारी २००८ च्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा चालू झाल्या.